आहेर चालतो, मग हात का नाही?



चातुर्मास संपला की आपल्याकडे लग्नं, बारशी, डोहाळजेवणं यांची रांग लागते. कोणाला काय द्यायचं, कोणाकडून काय आलं होतं, याची चर्चा प्रत्येक घरात सुरू होते. या दिवसांत मला माझी आई फार आठवते. ती आहे, खुटखुटीत आहे, आणि आताही कोणाचं तरी टोपडं शिवत बसली असेल. एकटीने दोन मुलं वाढवताना ती आयुष्यभर लोकांना काही ना काही देत राहिली. त्या देण्याचे मी उपकार मानते. पण उपकार मानायचे म्हणजे काय करायचं, याबद्दल मला आज थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

माझं म्हणणं इतकंच आहे. ज्या बाईने दिलेली वस्तू आपण शुभकार्यात आनंदाने वापरतो, त्या बाईचा हातही त्या कार्यात पुढे असला पाहिजे. वस्तू घ्यायची आणि हात मागे ठेवायचा, हे काही खरं नाही.

वडील गेले तेव्हा मी ९ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ ५ वर्षांचा. आम्ही इचलकरंजीत राहायचो. राहत्या दोन खोल्या आजोबांच्या होत्या म्हणून भाड्याची काळजी नव्हती. बाकी सगळं आईच्या शिलाई मशीनवर. दिवसा ब्लाऊज, मुलांचे गणवेश. सूर्यास्ताआधी आमची जेवणं आटोपली, की मशीन पुन्हा सुरू व्हायचं ते पिको-फॉलसाठी.

त्या काळात आमच्या घरी वस्तू भरपूर यायच्या, पण बहुतेक वापरलेल्या. चुलत भावाचा शर्ट, आत्याच्या मुलीचा फ्रॉक, कोणाचं तरी अर्धं लिहिलेलं वह्यांचं बाड. देणाऱ्यांची मनं चांगलीच होती आणि त्या वस्तूंचा आम्हाला उपयोगही झाला. तरी आई एकदा म्हणाली होती, "नुसतं घेत राहिलं की माणसाची मान वाकते गं." म्हणून तिने एक नियम केला. शिलाईचे पैसे आले, की त्यातला थोडा भाग स्टीलच्या एका डब्यात जायचा. घरखर्चासाठी त्या डब्याला हात लावायचा नाही. तसंच वाणसामानाच्या आणि फीच्या पैशांतून त्या डब्यात काही टाकायचं नाही. डबा फक्त देण्यासाठी.

त्या डब्यातून काय काय झालं, ते सांगायला लागले तर हा लेख संपायचा नाही. गल्लीत कोणाचं बाळंतपण झालं, की आईचा बाळंतविडा तयार. मऊ सुती कापडाची दुपटी, झबली, लंगोट, कुंची आणि टोपडं. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना दिवाळीला साडी, आणि तीही कोरी, घडीसुद्धा न मोडलेली. माझ्या शाळेतल्या बाईंना चष्म्याचं कापडी घर. भाऊ दहावी झाला तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या दहावीच्या मुलांना एकेक चांगलं पेन. आमच्या वाढदिवसाला आम्हालाही नवं काही मिळायचं, पण त्या दिवशी आमच्या हातून कोणाला तरी दिलंही जायचं.

आहेराची वही आपल्या सगळ्यांच्याच घरी असते. कोणाकडून किती आले, कोणाला किती परत करायचे. आईचीही एक वही होती, पण तिच्यात आकडे फार कमी. 'जाऊबाईंच्या धाकटीला पिवळा रंग नको.' 'भाजीवालीच्या नातवाला पुढच्या थंडीत मोठं माप लागेल.' 'उपाध्ये काकूंचे गुडघे दुखतात, बसायला जाड आसन.' वर्षभर लोकांचं बोलणं ऐकायचं आणि घरी येऊन टिपून ठेवायचं. माणूस बोलून विसरून जायचा आणि चार महिन्यांनी ती वस्तू त्याच्या दारात यायची.

तिचे आणखी काही नियम होते. आपल्याला जे नकोसं झालंय ते भेट म्हणून द्यायचं नाही. भांडं दिलं तर त्यावर आपलं नाव घालायचं नाही. रेशीम आणि चामडं द्यायचं नाही. किड्यांचे कोश उकळून काढलेला धागा कोणाच्या मंगलकार्याला कशाला, असं ती म्हणायची. आणि दिलेल्या वस्तूची पुन्हा चौकशी करायची नाही. "घातलास का गं तो फ्रॉक?" असं तिने कधी कोणाला विचारलेलं मला आठवत नाही.

अर्थात लोक बोलायचे. एकट्या बाईने कशाला इतका हात सैल सोडावा, असं काहींना वाटायचं. बाप नसल्याची उणीव ही वस्तूंनी भरून काढते, असंही कोणी म्हणायचं. आपल्या धर्मात परिग्रह कमी करायला सांगितलंय आणि ही घरोघरी वस्तू वाढवतेय, असा टोमणाही एकदा आला.

मला हे तिन्ही आक्षेप पटत नाहीत. हात सैल कधीच नव्हता. डब्यात होतं तेवढंच जायचं आणि आमची फी कधी थकली नाही. म्हणजे तिच्या देण्यालाही परिमाण होतं. बापाची उणीव वस्तूंनी भरत नाही, हे आम्हा दोघांना कोणी सांगायची गरज नव्हती. आईने दुसरीच उणीव भरून काढली. 'बिचारी मुलं' ही जी पाटी आमच्या गळ्यात पडली असती, ती तिने पडू दिली नाही. ज्या घरातून बाळंतविडा येतो, त्या घराची कीव करायला लोक जरा कचरतात. आम्ही घेणारे होतो, तसेच देणारेही होतो. त्या बरोबरीने आम्ही दोघं समाजात वावरलो, शिकलो, उभे राहिलो. तिची सगळ्यात मोठी भेट मी हीच मानते. आणि परिग्रहाचं म्हणाल, तर वस्तू देण्याने नव्हे, धरून ठेवण्याने परिग्रह वाढतो. तिच्या कपाटात आजही मोजून आठ साड्या आहेत.

दशलक्षण पर्वात आठव्या दिवशी उत्तम त्यागावर आपण प्रवचन ऐकतो. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपल्याला तोंडपाठ असतात. गल्लीतल्या बाळाला दिलेलं टोपडं म्हणजे पात्रदान नव्हे, हे मलाही कळतं. ती साधी संसारातली भेट. तरीही देण्याकडे कसं पाहायचं, हे शास्त्राकडून शिकता येतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचं मोल कशावर ठरतं ते सांगितलं आहे. देण्याची रीत, दिलेली वस्तू, देणारा आणि घेणारा, अशा चार गोष्टी तिथे येतात. त्यात देणाऱ्याच्या कपाळावर कुंकू आहे की नाही, हा प्रश्न कुठेही नाही.

आपल्या कथांमध्येही नाही. चंदना आठवा. कौशांबीत परक्याच्या घरी बेड्यांमध्ये पडलेली, समोर कोद्रवाचं साधं अन्न. भगवान महावीरांचा आहार झाला तो तिच्या हातून. गावात मोठी घरं नव्हती का? होती. पण हात चंदनेचा होता.

आणि आपल्या दक्षिण भागाने तर अत्तिमब्बे पाहिली आहे. दहाव्या शतकातली, चालुक्यांच्या सेनापतीच्या घरची. नवरा नागदेव लढाईत गेला. तिची बहीण गुंडमब्बे ही तिची सवतही होती, ती सती गेली. अत्तिमब्बे मागे राहिली, लहान मुलाला वाढवलं आणि देत राहिली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती तिने ताडपत्रांवर लिहवून घेऊन वाटल्या. छापखाना नव्हता तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे एकेक प्रत हाताने लिहायची. रन्न कवीला तिने आधार दिला आणि त्याने अजितपुराण रचलं. गदगजवळ लक्कुंडीला तिने बांधलेलं जिनालय आजही उभं आहे. लोकांनी तिला 'दानचिंतामणी' म्हटलं. हजार वर्षांपूर्वी एका विधवा आईच्या दानाला समाजाने डोक्यावर घेतलं, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या घरातल्या विधवा आईला ओटी भरताना मागे का उभं करतो?

हे मी ऐकीव सांगत नाही. आईने शिवलेली कुंची घालून बाळ पाळण्यात पडायचं आणि आई मात्र दाराजवळच्या खुर्चीत. पाळण्याची दोरी धरायला तिला कोणी बोलवायचं नाही. माझ्या डोहाळजेवणाला खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी सगळं तिने स्वतः निवडून आणलं. पण माझ्या ओटीत ते पडलं शेजारच्या काकूंच्या हातून. कोणी कडू बोललं नाही. "तुम्ही बसा हो, दमला असाल," इतक्या गोड शब्दांत तिला बाजूला केलं गेलं. भावाच्या लग्नातही तेच. खर्च तिचा, धावपळ तिची, आणि पुढे होऊन करायचं दुसऱ्याच कोणी जोडप्याने.

यात धर्माची आज्ञा कुठेही नाही. ही रूढी आहे, आणि रूढी बदलता येते. आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ते करून दाखवलं. मे २०२२ मध्ये त्या गावाने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याबद्दल परिपत्रक काढलं. ठरावाने सगळं एका दिवसात बदलत नाही, हे खरं. पण गावाच्या सभेत जे बोलता आलं, ते आपल्या माजघरात बोलायला आपण का घाबरावं?

आई म्हणेल, "राहू दे गं, कशाला उगाच. लोक काय म्हणतील." बहुतेक आया असंच म्हणतात. म्हणून त्यांच्यावर जबरदस्ती नको. भर मांडवात हाताला धरून ओढलं तर त्या अवघडून जातील. पण एकदा नको म्हणाली म्हणून कायमचं सोडूनही देऊ नका. आधी घरात, चार माणसांत विचारा. पुन्हा विचारा. विचारणारी लेक किंवा सून असेल, तर 'नको' हळूहळू मऊ होतं. या बाबतीत सुनेचा शब्द लेकीपेक्षाही जड असतो, हे मी माझ्या वहिनीकडे बघून सांगते. भावाच्या मुलीच्या बारशाला तिनेच सगळ्यांना सांगितलं, "पाळण्याची दोरी आधी सासूबाई धरतील." दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग पाळणा सुरू झाला. आईने दोरी धरली, तेव्हा तिचा हात थरथरत होता. बाळ मात्र मस्त झोपलेलं होतं. काही अशुभ झालं नाही. पोरगी आता दोन वर्षांची आहे आणि घर डोक्यावर घेते.

म्हणून माझ्यासारख्या, एकट्या आईने वाढवलेल्या सगळ्या लेकींना माझं सांगणं आहे. आईला परत काय द्यायचं, याचा विचार करताना साडी आणि पाकिटाच्या पुढे जाऊया. साडी द्यायचीच तर 'त्यांना शोभेल' म्हणून फिकट राखाडी उचलू नका, तिला कोणता रंग आवडायचा ते आठवा. आठवत नसेल तर विचारा. पत्रिकेत निमंत्रक म्हणून तिचं नाव आधी घाला. तिने आणलेला आहेर तिच्याच हाताने दिला जाऊ द्या. पहिली ओटी तिच्याकडून भरून घ्या. तिची देण्याची सवय मोडू नका, पण सगळं देऊन ती मोकळी होत नाही ना, तिच्या नावावर औषधपाण्यापुरतं आहे ना, याकडे लक्ष ठेवा. आणि आपल्या समाजाच्या महिला मंडळांनी हळदीकुंकवाला, कार्यक्रमांना बोलावताना 'सुवासिनींनी यावे' असं न लिहिता 'सर्व भगिनींनी यावे' असं लिहिलं, तर खर्च काहीच नाही.

येत्या मोसमात तुमच्या घरी कार्य असेल. आहेराची यादी करायला बसाल, तेव्हा त्या यादीत आणखी एक ओळ लिहा: आईच्या हातून काय करून घ्यायचं. ती ओळ सगळ्यात वर असू द्या.