खडकलाटची सुलोचना

अभिनेत्री सुलोचना लाटकर म्हटलं की हिंदीवाल्यांना सोसणारी आई आठवते, आपल्याला ‘वहिनीच्या बांगड्या’. पण चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटची ही मुलगी कोल्हापुरात आली, तेव्हा तिची बोली ऐकून स्टुडिओत लोक हसत. आधी मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत बारीकसं काम मिळालं, मग ती दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत आली. ‘सुलोचना’ हे नावही भालजींचंच. तिथे पगारी नोकरी होती आणि शिस्त लष्करी. (आज याला ‘वर्कशॉप’ म्हणतात, वर फी घेतात.) १९४८मध्ये गांधीहत्येनंतरच्या जळितात स्टुडिओसह ‘मीठ भाकर’ हा चित्रपटही खाक झाला, भालजींनी तो पुन्हा चित्रित करून १९४९मध्ये पडद्यावर आणला. माझ्या मते सुलोचनाबाई घडल्या त्या जयप्रभातच; मुंबईने त्यांना फक्त वापरलं.