परक्या मुलखात बिऱ्हाड, हिशोब मात्र घरचाच



एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगा-सून अमेरिकेत, टेक्सासला. यजमान नुकतेच निवृत्त झालेले. या खेपेला सगळा वेळ मुलाकडे बसून न राहता तीन महिने शेजारच्या मेक्सिकोत काढावेत, असं दोघांच्या मनात आहे. पण गाठीला पैसा मोजकाच. यजमानांनी सांगून टाकलंय, "दिवसाला दोघांचे मिळून हजार पेसो. वर एक पैसा नाही." बाई विचारतात, "एवढ्यात भागेल का हो? की अर्ध्यावरच मुलापुढे हात पसरायची वेळ येईल?"

भागेल. पण पाहुण्यासारखं राहिलात तर नाही. बिऱ्हाड मांडलंत तरच. हॉटेलात उतरणं, रोज गाव बदलणं आणि तीन वेळा बाहेर जेवणं, या तीन गोष्टींत पैसा पाण्यासारखा जातो. एका गावी महिना-महिना राहिलं, स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आणि बाजारहाट स्वतः केला की तोच पैसा पुरून उरतो. आणि हे काम यजमानांपेक्षा तुम्हालाच अधिक चांगलं येतं. तेव्हा पहिली सूचना ही, की हिशोबाची वही तुमच्याकडे ठेवा.

निघण्यापूर्वी

अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा भारतीयांना काढावा लागत नाही. तो नसेल तर बहुधा मेक्सिकन वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. पर्यटकाला जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. मात्र नक्की किती दिवस द्यायचे हे उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो. तेव्हा खिडकीवरून हलण्यापूर्वीच दिवसांचा आकडा वाचून घ्या. पुन्हा अमेरिकेत जायचं असेल तर तुमचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही आधी पाहा. परत शिरताना किती मुदत मिळेल ते पुन्हा तिथल्या अधिकाऱ्याच्या हाती.

प्रवासाचा विमा घ्याल तो मेक्सिकोत लागू आहे ना, हे विचारा. रोजच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. सामानात हिंग, हळद, गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर टाका. बी-बियाणं, फळं आणि कच्ची कडधान्यं मात्र नेऊ नका; विमानतळावर काढून घेतात.

गाव कोणतं निवडावं?

राजधानी मेक्सिको शहर मोठं देखणं आहे, पण परदेशी लोकांनी गजबजलेल्या तिथल्या वस्त्यांत भाडी कडाडली आहेत. २०२५ च्या जुलैत तिथल्या रहिवाशांनी याच कारणासाठी मोर्चे काढले. बिचाऱ्यांना स्वतःच्याच गावात घर परवडेना! म्हणून मी सुचवेन प्वेब्ला. राजधानीहून बसने दोनेक तासांवरचं जुनं गाव. तिथल्या जुन्या भागाला १९८७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. मंडई, देवळं, बागा सगळं पायी फिरण्याजोगं.

पहिले चार दिवस साध्या खोलीत उतरा आणि तेवढ्यात पायी फिरून महिन्याच्या भाड्याची जागा बघा. न पाहता तीन महिन्यांचे पैसे कुणालाही आगाऊ पाठवू नका. जागा बघताना चार गोष्टी विचारा: गॅस भाड्यात धरला आहे का, अंघोळीला गरम पाणी आहे का, रात्री रस्त्यावर वर्दळ असते का आणि मंडई किती लांब आहे.

प्वेब्ला समुद्रसपाटीपासून एकवीसशे मीटरहून उंच आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दीडपट. पहिले दोन-तीन दिवस दम लागतो, तेव्हा सावकाश चाला. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे राजमा, छोले उघड्या पातेल्यात तासन् तास शिजत राहतात आणि गॅस जळतो. कुकर न्यायला सांगितला तो यासाठी, बरं का!

हजार पेसोंची वाटणी

एक पेसो म्हणजे सध्या साधारण पाच रुपये धरा. भाव रोज थोडा खालीवर होतो. पेसोची खूणही डॉलरसारखीच असते, तेव्हा भाजीवर ३० चा आकडा आणि ती खूण बघून दचकू नका. आता दोघांचा दिवसाचा हिशोब असा मांडा:

घरभाडं (महिना ११,००० च्या आत) – ३७०
बाजार व किराणा – २२०
एक दिवसाआड बाहेरचं दुपारचं जेवण – १००
पाणी, गॅस, फोन – ५०
गावातली बस – ६०
सहली व प्रेक्षणीय स्थळं – १२०
औषधपाणी व अडीअडचण – ८०

एकूण बरोबर १,०००. यातले सहलीचे १२० रोज खर्चू नका. वेगळ्या पाकिटात टाकत जा, आठवड्याला ८४० साठतात आणि त्यात एखादी छानशी सहल होते. शेवटच्या ओळीला तर हातच लावायचा नाही. ती तुमची डाळीच्या डब्यातली पुरचुंडी!

बाजारात रोख पैसेच लागतात. बँकेच्या यंत्रातून पैसे काढताना "आमच्या दराने रूपांतर करू का?" असं विचारलं जातं. तिथे "नको" म्हणा, कारण यंत्राचा दर महाग असतो. शुल्क दर खेपेला कापलं जातं, म्हणून आठवड्याचे पैसे एकदम काढा आणि घरी कुलपात ठेवा.

बाजाराची युक्ती

आपल्या आठवडी बाजारासारखा तिथेही ठरलेल्या वारी रस्त्यावर बाजार भरतो. त्याला म्हणतात 'तियांगीस'. पक्क्या मंडईपेक्षाही तिथे बहुधा स्वस्त, आणि दुपारी आवरायच्या वेळी भाव आणखी उतरतात. विकणारी बाई तुम्हाला 'मार्चांता' म्हणेल, तुम्हीही तिला तेच म्हणायचं. दोन-तीनदा त्याच बाईकडे गेलात की ती वर थोडं जास्त घालते. आपण भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या मागतो ना, तेच. त्याला तिकडे 'पिलोन' म्हणतात.

भाज्या पाहून तुम्हाला माहेरी आल्यासारखं वाटेल. घोळ आहे, माठाच्या जातीचा पाला आहे, पपई, पेरू आहेत. मिरची, टोमॅटो, चिकू ही तर मूळची तिकडचीच. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. काटे काढलेल्या निवडुंगाची भाजी मात्र नवी वाटेल. ती भेंडीसारखी बुळबुळीत असते, म्हणून आधी कोरडी परतून घ्या आणि मग कांदा-मिरची घाला. गुळाला 'पिलोन्सियो' म्हणतात. राजगिऱ्याची वडी दारोदार मिळते, तिचं नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद! उपवासाचीही सोय झाली.

पोळ्यांचं म्हणाल तर मक्याची 'तोर्तिया' गल्लोगल्ली गरमागरम तयार मिळते. किलोला वीस-पंचवीस पेसो. घरून स्वच्छ फडकं घेऊन जा, तिथल्या बायकाही तसंच करतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. त्यामुळे त्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं आणि चुनाही पोटात जातो. त्या दळलेल्या ओल्या पिठाला म्हणतात 'मासा'. शाकाहारी मैत्रिणींनी घाबरू नये, मासळीचा काही संबंध नाही! हे पीठ किलोवर आणून घरी भाकरी थापता येते.

नळाचं पाणी पिऊ नका, तांदूळ शिजवण्यापुरतंही वापरू नका. २० लिटरचा मोठा बाटला घरपोच येतो. रिकामा बाटला घेऊन पाणी भरून देणाऱ्या दुकानात गेलात तर आणखी स्वस्त पडतं. कच्च्या भाज्या, फळं निर्जंतुक करायचे थेंब किराणा दुकानात मिळतात, ते आणा. इथे चार पैसे वाचवायला जाल तर औषधांत चाळीस घालवाल.

बाहेर जेवताना

तिकडे मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. छोट्या खानावळींत 'कोमिदा कोर्रिदा' नावाची ठराविक थाळी मिळते. सूप, भात, एक मुख्य पदार्थ, तोर्तिया आणि सरबत. साध्या ठिकाणी माणशी शंभर पेसोंच्या आसपास. दुपारी असं जेवलं की रात्री घरी मऊ खिचडी पुरे.

मांसाहार वर्ज्य असेल तर नीट ऐका. "मांस नको" एवढं म्हटलंत तर कोंबडी येण्याचा संभव असतो, कारण 'कार्ने' म्हणजे त्यांच्या मते फक्त गाय-डुकराचं मांस. शिवाय घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं पाणी घालायची पद्धत आहे. म्हणून वहीत लिहून ठेवा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो'. म्हणजे मांस, कोंबडी, चरबी, कोंबडीचं पाणी, काही नको. लाजू नका, हसून स्पष्ट विचारा. शंका आलीच तर त्या दिवशी चीज घातलेली तोर्तिया आणि फळं खा.

फिरणं आणि जपणं

राजधानीला सहल काढाल तेव्हा भुयारी रेल्वेने फिरा. तिकीट पाच पेसो, २०१३ च्या डिसेंबरपासून तेवढंच. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखून ठेवतात. प्रत्येक स्टेशनाला नावाबरोबर एक चित्र दिलेलं असतं, त्यामुळे भाषा न येताही चुकायला होत नाही. तिथल्या शिक्षण खात्याच्या जुन्या इमारतीत दिएगो रिवेरा यांची भित्तिचित्रं आहेत. त्यांतल्या एकात आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक आणि शेतीशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे दिसतात. मेक्सिकोत राहून त्यांनी मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी शाळा चालवल्या. आणि प्वेब्लातच सतराव्या शतकात गुलाम म्हणून हिंदुस्थानातून आणलेली एक मुलगी पुढे कातारीना दे सान हुआन या नावाने संतपदाला पोचल्यासारखी पूजली गेली. १६८८ साली ती वारली. तिची समाधी तिथल्या जेझुइटांच्या चर्चमध्ये आहे. हात जोडून यावं असंच ते ठिकाण.

रविवारी सरकारी संग्रहालयं मोफत असतात ती तिथल्या रहिवाशांना, पर्यटकांना नव्हे. हिशोबात तसं धरा. नाताळ, ईस्टर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीचा पितरांचा सण या दिवसांत भाडी चढतात, तेव्हा जागा आधीच पक्की करा. लांबचा प्रवास दिवसाच करा. रात्रीच्या बसने एका रात्रीचं भाडं वाचतं खरं, पण अनोळखी गावी पहाटे अंधारात उतरणं नको. बस-स्थानकावर टॅक्सीचे पैसे आधी भरायची खिडकी असते, तिथूनच टॅक्सी घ्या. काही प्रांत धोक्याचे आहेत. आपल्या वकिलातीची सूचना वाचल्याशिवाय नव्या भागात जाऊ नका. अडचणीत ९११ हा फोन लक्षात ठेवा. साधा ताप-खोकला झाला तर औषधाच्या दुकानाला लागूनच डॉक्टरांची छोटी खोली असते, फी माफक.

शेवटची एक गोष्ट, जी पत्रात लिहिलेली नाही पण ओळींमधून दिसते. बाईंना धास्ती पैशाची आहे, तशीच यजमानांच्या "तुला काय कळतंय तिकडचं?" या वाक्याचीही आहे. तिला माझं सांगणं असं. ज्या हातांनी एका पगारात पाहुणे, सणवार, मुलांच्या फिया आणि आजारपणं निभावली, त्या हातांना हजार पेसो जड नाहीत. भाषा पंधरा दिवसांत बाजारापुरती येते. रोज रात्री वही उघडा, दोघांनी मिळून खर्च लिहा. रविवारी बेरीज करा, आणि जास्त झालं असेल तर पुढच्या आठवड्यातलं एक बाहेरचं जेवण कापा. महिन्याअखेर वही यजमानांपुढे ठेवा. मग त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.