महाराजांचं काम आहे, पण लेथचा तास फुकट नाही



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पाच फुटी शोभेची लाकडी तोफ लेथवर कातताना बघितली. व्हिडिओत पटाशी दिसते, भुसा उडताना दिसतो. कोटेशन दिसत नाही. म्हणून हा लेख फक्त कोटेशनवर.

फेब्रुवारी जवळ आला की कातकाम आणि सुतारकाम करणाऱ्यांना ठरलेला फोन येतो. "मंडळाला तोफ पाहिजे, फुल साइज. पंचवीसमध्ये बसवा ना दादा, महाराजांचं काम आहे." इथे भले भले कारागीर गप्प होतात. टेबलाचा भाव छातीठोकपणे सांगणारा माणूस महाराजांचं नाव आलं की आकडा गिळतो.

माझं मत सरळ आहे. भाव करायचा, पूर्ण करायचा आणि कागदावर करायचा. तुमची श्रद्धा असेल तर ती बिलात वेगळ्या ओळीवर दिसू दे. भावाच्या आत दडवू नका.

आता आधी "फुल साइज" या शब्दाचा निकाल लावू. कुठल्या तोफेचा फुल साइज? १५४९ साली अहमदनगरात ओतलेली आणि आज विजापुरात असलेली मलिक-ए-मैदान सुमारे १४ फूट लांब आहे, वजन ५५ टनांच्या घरात. जंजिऱ्यावरची कलाल बांगडी वेगळी, दौलताबादची मेंढा तोफ वेगळी. आणि आपल्या कितीतरी गडांवर चार-पाच फुटांच्या साध्या तोफा पडलेल्या दिसतात, त्याही फुल साइजच. गिऱ्हाइकाच्या डोक्यात एक तोफ असते, तुमच्या डोक्यात दुसरी. त्यामुळे फोनवर आकडा बोलायचाच नाही. ब्राऊन पेपरवर तोफेची बाजू खऱ्या मापाची काढा, भिंतीला लावा, समोर उभं करून दाखवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, नंतरची "आम्हाला असं वाटलं नव्हतं" ही कटकट तिथेच संपते.

दुसरा मुद्दा, बांधणीचा. गिऱ्हाईक म्हणतं, "अख्खा ओंडका लावा, भरीव पाहिजे." ऐकू नका. बारा इंच जाडीची, पाच फूट लांब भरीव तोफ काढायची तर तेरा बाय तेराचा ठोकळा लागतो, म्हणजे जवळपास सहा घनफूट. इतका जाड ठोकळा आतपर्यंत वाळायला कित्येक वर्षं जातात. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आकसतं. म्हणून गाभा आत असलेला ओंडका बहुतेक वेळा तडकतोच. आणि तो तडकणार मंडपात, लाइटखाली. शिवाय वाळलेलं लाकूड असलं तरी सत्तर किलोच्या आसपास वजन लेथवर फिरवायचं, हे छोट्या लेथचं काम नाही.

त्यापेक्षा पिंपासारखी पोकळ बांधणी करा. बारा फळ्या, दोन इंच जाड, दोन्ही कडांना १५ अंशांचा उतार. मागच्या अर्ध्या भागासाठी फळी साधारण ३.४ इंच रुंद, पुढच्या अर्ध्यासाठी २.७ इंच. दोन तुकडे, प्रत्येकी अडीच फूट. दोनच का? कारण तोफ पुढे निमुळती होते. एकाच मापाच्या सरळ फळ्या लावल्या तर मानेशी कातताना पटाशी आतल्या पोकळीत निघेल. आणि दोन तुकडे केले की तीन फुटांचा लेथही पुरतो. फक्त फिरणाऱ्या टोकापासून लेथच्या पट्टीपर्यंतची उंची आधी मोजा. बारा बाजूंचा मागचा तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेरा इंच भरतो, म्हणजे टूल रेस्टच्या बैठकीवर सात इंच तरी मोकळे हवेत.

फळ्या चिकटवताना महागडे शिकंजे नसले तरी चालतात. टायरची जुनी ट्यूब लांब कापून घट्ट गुंडाळा, सगळीकडून सारखा दाब बसतो. दोन्ही टोकांना भरीव लाकडाची डाट चिकटवायची, लेथ त्यावरच पकड घेतो. दोन तुकडे जोडताना मध्ये पायरीची डाट, एक व्यास मागच्या पोकळीचा, दुसरा पुढच्या. सांधा दिसेल का? नाही. खऱ्या तोफांनाही मध्ये उठावाचे पट्टे असतात. तो पट्टा मागच्या तुकड्याच्या टोकावर कातून ठेवा, सांधा त्याच्या कडेला लपतो. तोंडाचं भोक सहा इंच खोल पुरे, आत काळा रंग. त्यापलीकडे कोणी डोकावत नाही. बाजूच्या दोन खुंट्या, ज्यांवर तोफ गाड्यावर टेकते, त्या वेगळ्या कातून बसवा. बरोबर मध्यात नाही, थोड्या मागच्या बाजूला. मध्यात बसवल्या की तोफ तराजूसारखी दिसते.

वेगाबद्दल एकच सांगतो. बारा इंची लाकूड मिनिटाला १,००० फेऱ्यांवर फिरवलं तर त्याची कड ताशी ५७ किलोमीटरने पळत असते. एक फळी सुटली तर काय होईल याचा विचार करा. कोपरे निघेपर्यंत २५०–३०० च्या वर जाऊ नका. तोंडावर शील्ड, हातमोजे काढून ठेवायचे, गळ्यात उपरणं-मफलर काही नको.

एवढं सगळं का सांगितलं? कारण भाव इथून निघतो. आता वही काढा. आकडे मी उदाहरणाला धरतोय, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

आधी तुमच्या तासाचा भाव. गाळ्याचं भाडं १२,०००, मदतनीस १५,०००, लाइट बिल ४,०००, ब्लेड-पटाशा-दुरुस्ती ४,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार ३०,०००. हो, स्वतःचा पगार. "उरेल ते माझं" हा पगार नव्हे. झाले ६५,०००. महिन्याला २६ दिवस, आणि फोन, चहा, गिऱ्हाईक वजा करून रोज सात तास खरं काम, म्हणजे १८२ तास. भागाकार केला की तासाला साधारण ३५७. आपण ३५० धरू.

आता माल. नळीचं लाकूड अडीच घनफूट. डाट, खुंट्या आणि वाया जाणारं धरून पावणेचार, १,२०० च्या भावाने ४,५००. गाड्याचं लाकूड ३,६००. गोंद, पॉलिश पेपर, पुट्टी, रंग ३,५००. चाकं लेथवर होत नाहीत. जुन्या बैलगाडीची जोडी मिळाली तर ती डागडुजीसह ८,००० धरा. लोहाराकडून पट्ट्या आणि कड्या ४,०००. एकूण २३,६००.

तास: फळ्या कापणं-चिकटवणं १४, कातणं १६, खुंट्या आणि मागची गाठ ४, गाडा २०, घासणं आणि रंग १४, जागेवर बसवणं ६. झाले ७४ तास, म्हणजे २५,९००. टेम्पो ३,०००. इथवर ५२,५००. यात तुमच्या पगाराव्यतिरिक्त एक रुपया नफा नाही. बिघाडाला दहा टक्के ठेवा, ५७,७५०. त्यावर वीस टक्के नफा, ६९,३००. जीएसटी नोंदणी असेल तर तो वेगळा.

आता पंचवीस हजारांची ऑफर परत बघा. २३,६०० मालाला गेले. उरले १,४००. भागिले ७४ तास. तासाला १९ रुपयेसुद्धा नाहीत, आणि टेम्पोचं भाडं अजून खिशातूनच जायचंय. मदतनिसाला तुम्ही हा दर सांगू शकाल का? मग स्वतःला का सांगता?

इथे आमच्याच क्षेत्रातले काही ट्रेनर सांगतात, "पहिला शोपीस फुकट करा, फोटो व्हायरल होतील, ऑर्डरी येतील." मला हे पटत नाही. फोटो व्हायरल झाला तर ऑर्डर येते ती "तशीच तोफ, त्याच भावात" अशी. तुमची जाहिरात होत नाही, तुमच्या कमी भावाची जाहिरात होते. शिवाय तोफ ही रोज खपणारी वस्तू नाही. पोळपाट स्वस्त देऊन गिऱ्हाईक जोडता येतं, ते वर्षभर परत येतं. तोफ घेणारं मंडळ पुढची दहा वर्षं तीच तोफ दरवर्षी बाहेर काढणार आहे. आणि काढावीच, त्यासाठीच चांगली बनवायची.

मग श्रद्धेचं काय? ती खरी आहे, मी ती नाकारत नाही. माझ्या दुकानातही महाराजांची तसबीर आहे. तुम्हाला मंडळासाठी काही करायचं असेल तर बिल ६९,३०० चंच करा. खाली ओळ लिहा: "मंडळास सेवा – वजा ५,०००." आकडा तुमच्या ऐपतीचा. याने दोन गोष्टी होतात. मंडळाला कळतं की तुम्ही काय दिलंत. आणि पुढच्या वर्षी रिसॉर्टवाला किंवा लग्नाचा डेकोरेटर आला, की त्याला दाखवायला तुमच्याकडे ६९,३०० चा आकडा असतो. लग्नाच्या स्टेजला महाराजांची सूट लागू होत नाही ना.

भाव खरोखर जास्त होतोय म्हणत असतील, तर भाव तोडू नका, काम कमी करा. तोफ किती अंतरावरून बघणार आहेत ते विचारा. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ च्या सुमारास व्हर्जिनियात सेंटरव्हिलला दक्षिणेच्या सैन्याने काळे रंगवलेले ओंडके तोफा म्हणून मांडले होते, आणि लांबून समोरची फौज फसली. तुमची तोफ दहा फुटांवर, दोरीच्या पलीकडे राहणार असेल तर मागच्या बाजूची बारीक नक्षी, आतलं फिनिशिंग, पितळी कड्या हे सगळं कमी करता येतं. चाकं भाड्याने आणता येतात. पन्नास हजारांत काय बसतं त्याचं दुसरं कोटेशन द्या. दोन कोटेशनं समोर ठेवली की बोलणं श्रद्धेवरून कामावर येतं.

पैसे कधी घ्यायचे: निम्मे ऑर्डरला, तीस टक्के नळी आणि गाडा रंगाआधी दुकानात दाखवून, उरलेले टेम्पोत चढवण्याआधी. निम्म्यात तुमचा सगळा माल सुटतो, म्हणून निम्मे. "वर्गणी जमली की देतो" हे वाक्य ऐकलं तर लाकूड वर्गणी जमल्यावर आणा.

तारीख विचारताना "शिवजयंतीला" एवढ्यावर थांबू नका. १९ फेब्रुवारी की तिथीची, फाल्गुन वद्य तृतीया? दोन्हींत कधी काही आठवड्यांचा फरक पडतो. कोटेशनवर तारीख आकड्यात लिहा.

आणि शेवटची अट, हिच्यावर घासाघीस नाही. कोणी ना कोणी विचारणारच, "आतून सुतळी बॉम्ब उडवता येईल का, धूर मस्त निघेल." नाही. ही गोंदाने चिकटवलेल्या फळ्यांची पोकळ नळी आहे. आत स्फोट झाला तर बारा फळ्या बारा दिशांना जातील आणि समोर लहान मुलं उभी असतील. कोटेशनवर ठळक लिहा: "ही तोफ फक्त शोभेसाठी आहे. आत फटाके, दारू किंवा गॅस वापरता येणार नाही." तोंडाच्या आत सहा इंचांवर जी डाट बसवाल ती गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून पक्की करा. या अटीवर सही नको म्हणणारं गिऱ्हाईक असेल तर ऑर्डर सोडून द्या, मग ते पूर्ण ६९,३०० रोख मोजत असलं तरी.