ओट्यापुढे उभे कोण राहणार?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र विभागातील एक विद्यार्थिनी)

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या घरी स्वयंपाकघर नवे करण्याची टूम निघाली. टूम म्हणायचे ते अशासाठी, की जुन्या स्वयंपाकघराविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. फक्त एका भिंतीला ओल आली होती. ओल घालवायची तर गिलावा काढायचा, गिलावा काढायचा तर फरशा काढायच्या, फरशा काढायच्याच तर मग ओटा तरी जुना कशाला, असे करत करत भिंतीपासून निघालेली गोष्ट चिमणीपर्यंत जाऊन पोहोचली. बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. दादाने मोबाईलवर चित्रे दाखवली. मी रंग सुचवले. आईने चहा केला.

त्या बैठका आजही डोळ्यांसमोर आहेत. चार माणसांच्या घरात तीन माणसे स्वयंपाकघराविषयी बोलत होती, आणि जी तिथे रोज पाच-सहा तास उभी राहते ती कपबशा गोळा करत होती. कोणी तिचे तोंड दाबले होते असे नाही. एकदा बाबांनी विचारलेही, "तुला काय हवं?" ती म्हणाली, "तुम्हाला आवडेल ते बघा." आम्ही ती संमती समजलो. ग्राहकाच्या सार्वभौमत्वावर वर्गात टिपण लिहिणारी मीसुद्धा!

दिवाळी झाली. पाहुण्यांनी स्वयंपाकघर पाहून वाहवा केली. आणि मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली.

गवंड्याने विचारले होते, "ओटा किती उंच?" बाबा म्हणाले होते, "नेहमीसारखा." तो 34 इंचांचा झाला. त्यात बसवलेली काचेची चार बर्नरची शेगडी, तिच्यावर कढई, म्हणजे कढईचा काठ चाळीस इंचांवर. आईची उंची चार फूट दहा इंच. तिचे कोपर त्या काठाच्या खाली राहते. भाजी परतताना ती दर वेळी खांदा उचलते. मागचे दोन बर्नर तर तिने वापरणेच सोडले. हात पोचायचा तर पुढच्या आचेवरून न्यावा लागतो.

चिमणी आवाज करते म्हणून आई ती फोडणीच्या वेळी बंद ठेवते. मला हे अडाणीपणाचे वाटले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, मोहरी तडतडलेली ऐकू येत नाही मला." तिचा स्वयंपाक डोळ्यांइतकाच कानांनी चालतो, हे एकवीस वर्षे त्या घरात जेवूनही मला ठाऊक नव्हते. शिवाय धूर सर्वांत जास्त फोडणीलाच होतो. म्हणजे चिमणी चालते ती नेमकी तिची गरज कमी असताना!

मिक्सरची कथा सर्वांत दुःखद. नवा मिक्सर सडपातळ, चकचकीत, ओट्याच्या रंगाला शोभेलसा. सुक्या खोबऱ्याची आणि लसणाची चटणी करताना त्याला करपल्याचा वास आला आणि तो बसला. दुरुस्ती केंद्र जिल्ह्याच्या गावी, साठ किलोमीटरवर. भाग यायला तीन आठवडे लागले. जुना मिक्सर आम्ही 'बदली'त दुकानदाराला देऊन बसलो होतो. आईने परसातल्या नळाखालून पाटा काढला, धुतला आणि एक अक्षर न बोलता वाटायला बसली. तिच्या न बोलण्याची आम्हा तिघांना फार लाज वाटली.

वाचकहो, देखणेपणाशी माझे भांडण नाही. स्वयंपाकघर देखणे असावे. आईलाही ते आवडते. पितळी डबे चिंचेने घासून ओळीने लावणारी तीच. माझे म्हणणे एवढेच आहे, की वस्तू निवडताना आपण ती पाहणाऱ्याच्या नजरेने पाहतो, वापरणाऱ्याच्या हाताने पाहत नाही; आणि बहुतेक घरांत पाहणारे एक असतात, वापरणारे दुसरे.

ही चूक आमच्या घरापुरती नाही. आधुनिक बंदिस्त स्वयंपाकघराचा एक आद्य नमुना म्हणून 'फ्रँकफुर्ट किचन'चे नाव घेतले जाते. 1926 साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्त्री-वास्तुशिल्पीने जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या घरबांधणी योजनेसाठी त्याची आखणी केली. घड्याळ लावून, पावले मोजून, आगगाडीतल्या आटोपशीर मुदपाकखान्याचा आदर्श पुढे ठेवून केलेले हे काम. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आजच्या 'मॉड्युलर किचन'ची ती पणजीच म्हणावी. परंतु त्या अरुंद खोलीत एकाच माणसाने उभे राहायचे, हे जणू गृहीत धरले होते. दुसऱ्याने मदतीला यावे तर जागाच नाही. आणि पुढे उतारवयात या बाईंनीच मोकळेपणाने सांगितले, की ते आखले तेव्हा आपण संसार चालवलेला नव्हता आणि स्वयंपाकही केलेला नव्हता! हुशारी आणि सद्हेतू दोन्ही होते. ओट्यापुढे उभे राहण्याचा अनुभव तेवढा नव्हता.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचे. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरी परदेशी मिक्सर होता. तिकडच्या मऊ पदार्थांसाठी घडलेले ते यंत्र आपल्या वाटणापुढे टिकले नाही, आणि त्याची दुरुस्तीही इथे होईना. पत्नी माधुरी माथुर यांनी गाऱ्हाणे नवऱ्यापुढे मांडले. त्यातून आपल्या वाटणाला पुरी पडेल अशी दणकट मोटर घडली, आणि 1963 च्या सुमारास 'सुमीत' मिक्सर आला. पुढे कित्येक वर्षे आपल्या घरांत मिक्सर म्हणजे सुमीत असेच समीकरण होते. त्या यंत्राचा जन्म वापरणाऱ्या बाईच्या तक्रारीतून झाला, हे मला त्याच्या मोटरइतकेच महत्त्वाचे वाटते.

मग निवड करावी कशी? पोळल्यानंतर आम्हाला जे कळले ते इथे नोंदवते. कोणाच्या तरी घरी गिलावा काढला जात असेलच.

पहिले म्हणजे, यंत्रांची यादी आधी, वायरिंग नंतर, फरशी सर्वांत शेवटी. आम्ही नेमके उलट केले. दिवा, पंखा, मिक्सर यांना 6 अँपिअरचे प्लग चालते. ओव्हन, गीझर यांसारख्या जड यंत्रांना 16 अँपिअरचे लागते आणि अर्थिंग नीट हवे. हे फरशी बसल्यावर आठवले, की सुंदर फरशीवरून प्लास्टिकची पट्टी धावते. आमच्याकडे धावते आहे.

दुसरे, ओट्याची उंची इंचपट्टीने नव्हे, माणसाने ठरवावी. काम करणाऱ्याने सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. कोपराच्या तीन-चार इंच खाली कापण्या-मळण्याची जागा यावी. शेगडीची जागा त्याहूनही थोडी खाली असली तर उत्तम. शेगडी ओट्यात बसवायचीच असेल तर लक्षात ठेवावे, की ग्रॅनाइटला एकदा भोक पाडले की पुढच्या वेळी त्याच मापाची शेगडी शोधत फिरावे लागते. वर ठेवायची शेगडी बिघडली तर उचलून नेता येते.

तिसरे, यंत्राच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या तळाशी पाहावे. आयएसआयची खूण आहे का? मिक्सर सलग किती मिनिटे चालवायचा, हे माहितीपत्रकात दिलेले असते, ते वाचावे. बहुतेक मिक्सरच्या बुडाला एक लहानसे बटण असते. भार जास्त झाला की ते बाहेर येते आणि यंत्र थांबते. थोड्या वेळाने दाबले की पुन्हा सुरू होते. हे ठाऊक नसल्याने चांगली यंत्रे कारागिराकडे जाऊन पडतात. इंडक्शनची शेगडी घ्यायची तर आधी घरातल्या भांड्यांना लोहचुंबक लावून पाहावे. साधी अॅल्युमिनियमची, तांब्याची, पितळेची भांडी तिच्यावर तापत नाहीत. म्हणजे शेगडीबरोबर भांड्यांचाही खर्च धरावा लागतो.

चौथे, फ्रीजवरचे तारे मोजून थांबू नये. 2006 पासून आपल्याकडे ही तारांकनाची पद्धत सुरू झाली. निकष वेळोवेळी कडक होत जातात, म्हणून जुन्या वर्षाचे पाच तारे आणि नव्या वर्षाचे पाच तारे सारखे नसतात. लेबलावर वर्ष असते आणि वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडाही असतो. खरा उपयोग त्या आकड्याचा. समजा दोन फ्रीजमध्ये वर्षाला शंभर युनिटांचा फरक आहे आणि युनिटला आठ रुपये पडतात. तर दहा वर्षांत आठ हजारांचा फरक झाला. दुकानातली स्वस्ताई घरी येऊन महाग पडते ती अशी.

आणि पाचवे, दुकानदाराला "हे बिघडलं तर कोण दुरुस्त करतं? ते गावात आहे का?" असे सरळ विचारावे. विश्वासार्हता म्हणजे कधीच न बिघडणे नव्हे. असे यंत्र जगात नाही. बिघडल्यावर घर किती दिवस अडते, यावर ती मोजावी.

पण केवळ उत्तम यंत्रे आणली म्हणजे झाले का? इथे मला आमच्या घरघंटीची आठवण होते. पूर्वी दळण आणणे दादाचे काम होते. दर रविवारी तो डबा घेऊन गिरणीत जाई, कुरकुरत का होईना. मग घरघंटी आली. सगळे म्हणाले, केवढी सोय झाली! सोय झाली ती दादाची. गहू निवडणे आईकडे होतेच. आता दळणे, जाळी बदलणे, उडालेले पीठ पुसणे हेही तिच्याकडे आले. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार स्त्रीने 1983 च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे: घरगुती यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची घरकामे हलकी केली, आईचे काम मात्र उरलेच. 2019 च्या आपल्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला 299 मिनिटे आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे त्यात घालवतात, असे आढळले. ही दरी कोणत्याही तारांकित यंत्राने भरून निघणारी नाही. ती भरायला माणसेच लागतील.

असो. ओटा आता खाली येणार नाही. सुताराकडून चार इंच उंचीची एक रुंद लाकडी फळी करून घेतली आहे. तिच्यावर उभी राहून आई स्वयंपाक करते. फळी दिसायला वाईट दिसते. तिने घरात राहावे की नाही, यावर मात्र आम्ही कोणी मत दिले नाही.

या उन्हाळ्यात जुना फ्रीज बंद पडला. या वेळी आम्ही चौघेही दुकानात गेलो. विक्रेता दादाकडे पाहून बोलत होता. दादाने आईकडे बोट दाखवले. आई आधी संकोचली. मग पुढे होऊन तिने दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि विचारले, "दार ह्याच बाजूला उघडतं ना? आमच्याकडे त्या बाजूला भिंत आहे." आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या भिंतीचा विचार कोणीच केला नव्हता. मग तिने भाजीचा कप्पा बाहेर काढून पाहिला, दाराचे रबर बदलून मिळते का ते विचारले, आणि मला आवडलेला लाल फ्रीज बाजूला सारून एक साधा करडा फ्रीज निवडला. तो आजवर एकदाही भिंतीला लागलेला नाही.

वसतिगृहातून सुट्टीत घरी जाणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना, विशेषतः मित्रांना, एक सुचवावेसे वाटते. घरात मिक्सर, शेगडी, फ्रीज काही घ्यायचे निघाले तर मत जरूर द्या; पण त्याआधी एक दिवस सकाळच्या चहापासून रात्रीच्या खरकट्या भांड्यांपर्यंत सगळे काम स्वतः करा. मग दुकानात जा. आणि जाताना आईला बरोबर न्या.