एहिपस्सिको आणि कपाटातला मोबाईल

वसतिगृहातील विद्यार्थी रोज सकाळी वंदनेत धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात. म्हणजे ‘ये आणि स्वतः पाहा’ असे सांगणारा. तेच विद्यार्थी विज्ञानाच्या तासाला मात्र दुसऱ्या कुणी केलेला प्रयोग पडद्यावर पाहतात. अनेक शाळांत डिजिटल फळा आला आणि प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज चढला. हृदयाच्या झडपा कशा उघडतात हे दाखवायला चित्रफितीसारखे साधन नाही, हे मान्य. पण चित्रफितीतला प्रयोग कधी फसत नाही, आणि विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो. ज्या समाजाने पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, त्या समाजातील मुलांनी विज्ञान दुरून पाहावे, हे मला पटत नाही.

जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठात ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य ॲप तयार झाले आहे. मोबाईलमधील मायक्रोफोन व इतर संवेदक ते मोजमापासाठी वापरते. दोन मोबाईल व्हरांड्यात १० मीटर अंतरावर ठेवावेत आणि दोन्हींवर आवाजाने सुरू व बंद होणारे घड्याळ लावावे. एका टोकाला जेवणाच्या ताटलीवर चमचा वाजला की दोन्ही घड्याळे सुरू होतात. दूरचे किंचित उशिरा. मग दुसऱ्या टोकाला ताटली वाजवून ती थांबवावीत. दोन्ही वेळांत सुमारे ०.०६ सेकंदाचा फरक दिसतो. ध्वनीला २० मीटर जायला लागणारा हा वेळ. बोटाने दाबायच्या घड्याळाला तो सापडणे शक्य नाही.

पुस्तकात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. मुलांचे उत्तर कदाचित ३१० येईल, कदाचित ३७०. खरा तास इथे सुरू होतो. फीत सैल होती का? मध्येच कुणी खोकले का? पहाटेचे आणि दुपारचे उत्तर वेगळे का?

मोबाईल हाती आला की मुले भरकटतील, ही पालकांची भीती खोटी नाही. म्हणून तो शाळेचा असावा, सिमकार्डाविना, तराजूप्रमाणे प्रयोगशाळेच्या नोंदवहीत चढवलेला आणि तास संपताच कपाटात परत जाणारा. असे चार मोबाईल मिळाले तरी एका वर्गाचे काम भागेल. माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुने संच पडून असतात. काच तडकलेली असली तरी चालेल, मायक्रोफोन तेवढा चालू हवा.