‘मला काही लागले नाही’

मोटारीला मागून धडक बसते, क्षणभर सारे स्तब्ध होतात, आणि मागच्या आसनावरून आवाज येतो : ‘मला काही लागले नाही, तुम्ही आपापले पाहा.’ हे वाक्य बहुधा मोटारीतील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचे असते. मुलांना घोर लागू नये, आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये, ही त्यामागची भावना. आपण त्या भावनेचा आदर करावा. त्या वाक्यावर मात्र विसंबू नये.

परिचयातील एका आजींची गोष्ट सांगतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना टोलनाक्याच्या रांगेत त्यांच्या मोटारीला मागून टेम्पोने धडक दिली. मोटारीचा मागचा भाग चेपला. टेम्पोमालकाने आठ हजार रुपये काढून दिले, चिरंजिवांनी ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही केली, आणि मंडळी ठरल्याप्रमाणे लग्नाला पोहोचली. तीन आठवड्यांनी आजी चालताना एका बाजूला झुकू लागल्या, दुपारभर झोपून राहू लागल्या, नातवंडांची नावे चुकवू लागल्या. घरच्यांनी ते वयावर ढकलले. अखेर सीटी स्कॅन झाला, तेव्हा कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठलेले आढळले व शस्त्रक्रिया करावी लागली.

असे का घडते? वाढत्या वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधली जागा वाढते, आणि ती ओलांडून जाणाऱ्या सूक्ष्म शिरा ताणल्या जातात. डोके कोठेही न आपटता, नुसत्या हिसक्यानेही एखादी शीर फाटू शकते. रक्त अगदी हळूहळू झिरपते. लक्षणे दिसू लागण्यास कधी काही दिवस, तर कधी कित्येक आठवडे लागतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर हा धोका वाढतो. रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांना सर्वप्रथम ही गोळी सांगावी. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असल्यास तीही सांगावी. तिच्यामुळे आतून रक्तस्राव होत असताना नाडी अपेक्षेइतकी जलद होत नाही आणि तपासणाऱ्याची फसगत होऊ शकते. पहिला स्कॅन निर्दोष आला, तरी पुढील काही आठवडे लक्ष ठेवायचेच आहे.

डोक्याइतकेच लक्ष छातीकडे आणि पाठीकडे द्यावे. बरगडीला बारीक तडा गेला, की वेदनेमुळे ज्येष्ठ व्यक्ती खोल श्वास घेण्याचे व खोकण्याचे टाळते, आणि त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो. पोटावर सीटबेल्टचा वळ उमटला असेल, तर तो डॉक्टरांना दाखविल्यावाचून राहू नये. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीची पाठ अपघातानंतर दुखत राहिली, तर मलम चोळत बसण्यापेक्षा मणक्याचा एक्स-रे काढून घेणे शहाणपणाचे.

आता विम्याकडे वळू. ज्येष्ठांची दुखापत उशिरा प्रकट होते. विमा कंपनी मात्र पहिल्या दिवसाचा कागद मागते. आजींच्या कुटुंबाने धडक देणाऱ्या टेम्पोच्या विमा कंपनीकडे भरपाईची मागणी केली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा : आजी त्या मोटारीत होत्या हे कोठे लिहिले आहे? नोंद होती ती केवळ मोटारीच्या नुकसानीची.

म्हणून, काही लागलेले दिसत नसले तरी त्याच दिवशी ज्येष्ठांना रुग्णालयात न्यावे आणि वाहन अपघातामुळे आणले आहे, असे स्पष्ट सांगावे. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून पुष्कळ कुटुंबे ‘घरात पाय घसरला’ असे सांगतात. त्या एका असत्याने पुढचा सारा दावा लंगडा होतो. खरे सांगितल्यास रुग्णालय ‘एमएलसी’ म्हणून नोंद करते; तिचा क्रमांक टिपून घ्यावा. पोलीस ठाण्यातील नोंदीत मोटारीतील प्रत्येक व्यक्तीचे नाव आहे ना, हे पाहावे. समोरच्या वाहनाचा क्रमांक व विम्याचा कागद यांचे छायाचित्र घ्यावे.

तातडीच्या खर्चासाठी आपला मेडिक्लेम असतोच. नव्या पॉलिसीतील सुरुवातीच्या ३० दिवसांच्या प्रतीक्षेची अट अपघाताला लागू होत नाही. त्याखेरीज केंद्र सरकारने २०२५ मध्ये आणलेल्या योजनेनुसार वाहन अपघातातील जखमीस अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार निर्देशित रुग्णालयात रोख न भरता मिळू शकतात. येथेही पोलिसांकडील नोंद उपयोगी पडते. मेडिक्लेमच्या कंपनीने दावा नाकारला, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

समोरच्या वाहनाच्या विम्यातून भरपाई हवी असेल, तर मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. अपघात सातारा जिल्ह्यात झाला म्हणून तेथेच खेटे घालावे लागत नाहीत. आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. कायद्यात अर्जासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्याविषयी न्यायालयात वाद उपस्थित झाले असले, तरी आपण ती पाळावीच. ‘आम्ही निवृत्त, आमचे कसले उत्पन्न बुडाले?’ असे म्हणून अनेकजण तेथे जातच नाहीत. ही समजूत चुकीची आहे. उपचार, प्रवास, सकस आहार, पुढील उपचार, वेदना, जगण्यातील आनंदाला आलेली उणीव, हे सारे भरपाईचे विषय आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून मदतनीस बाईंच्या पगाराची व रिक्षाच्या भाड्याची नोंदही एका वहीत, तारखेनिशी ठेवावी.

आणि ‘संपूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कोणत्याही कागदावर, दुखापतीचे स्वरूप डॉक्टरांनी निश्चित करेपर्यंत, सही करू नये. रक्कम कितीही तत्परतेने पुढे केली जात असो. मुलाच्या सहीने आईचा स्वतःचा हक्क आपोआप संपत नाही, असे आजींच्या वकिलांचे म्हणणे आहे. परंतु तो कागद समोरच्या बाजूने पुढे केलाच.

त्यांच्या मदतीला आली ती एक साधी चिठ्ठी. लग्नाहून परतल्यावर आजी मान अवघडली म्हणून गल्लीतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. त्यांनी औषधे लिहिताना वर तारीख घालून एक ओळ लिहिली होती : ‘काल मोटारीला मागून धडक, मान व डोके दुखते.’ तीच चिठ्ठी आता दाव्याच्या कागदांत सर्वांत वर लावली आहे. निकाल अद्याप लागायचा आहे.