माशांच्या टाकीला आरओची नळी जोडू नका



हल्ली आपल्या बऱ्याच घरांत एक नवी सोय दिसते. स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनला एक टी बसवतात, बारीक पांढरी नळी भिंतीवरून हॉलपर्यंत नेतात आणि माशांच्या टाकीत सोडतात. बसवणारा सांगतो पाच मिनिटांचं काम आहे. घरातल्या वहिनी कौतुकानं सांगतात, "आम्ही जे पाणी पितो, तेच आमच्या माशांना." ऐकणाऱ्या माना डोलावतात. केवढी ही जीवदया!

मला ही जीवदया वाटत नाही. आपल्या जिभेला जे गोड लागतं ते दुसऱ्या जीवाच्या अंगावर ओतणं आहे हे.

आधी पाण्याचं बोलू. आरओचा पडदा पाण्यातले क्षार काढून टाकतो. कॅल्शियम जातं, मॅग्नेशियम जातं, आणि पाण्याचा आम्लपणा सांभाळून धरणारे बायकार्बोनेटही जातात. आपल्याला चालतं, कारण आपले क्षार वरण-भातातून, भाजीतून, ताकातून येतात. माशाचं तसं नाही. गोड्या पाण्यातला मासा आपल्यासारखं घोट घोट पाणी पीत नाही. त्याच्या अंगात क्षार जास्त, बाहेर कमी, म्हणून पाणी कल्ल्यांतून आपोआप आत शिरत राहतं. ते जादा पाणी मूत्रपिंड सतत बाहेर टाकतं आणि गेलेले क्षार कल्ले परत पाण्यातून खेचून घेतात. रात्रंदिवस हेच चाललेलं असतं. आता त्याच्या भोवतालच्या पाण्यातले क्षारच काढून घ्या. त्यानं खेचायचं कुठून?

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. अतिभार म्हटलं की डोळ्यासमोर बैलगाडीच येते. चमच्याएवढ्या माशाच्या मूत्रपिंडावर टाकलेला भार दिसत नाही, एवढाच फरक. (बंध तर टाकी आणली त्याच दिवशी झाला, पण त्यावर आज भांडत नाही.)

पुढचा प्रकार आणखी गुपचूप घडतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात पाणी हळूहळू आम्ल होत जातं. नळाच्या पाण्यातले बायकार्बोनेट ते सावरतात. निव्वळ आरओच्या पाण्यात सावरायला कोणी नाही, म्हणून पीएच घसरतो. तो फार घसरला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. पाणी मात्र दिसायला काचेसारखं! घरातले म्हणतात, "एवढं शुद्ध पाणी घालूनही मासे का जातात कोण जाणे."

गोल्डफिश, गप्पी, मोली हेच बहुतेक घरांत असतात आणि त्यांना थोडं जड पाणीच मानवतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या डिस्कससारख्या माशांना मऊ पाणी लागतं हे खरं. पण ते पाळणारे जाणकारही आरओच्या पाण्यात मोजून क्षार घालतात, मगच टाकीत ओततात.

"पण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ना?" असतं, आणि ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. त्यावर उपाय यंत्र नाही, बादली आहे. पाणी बादलीत उघडं काढून चोवीस तास ठेवा, क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर माशांच्या दुकानातले अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. आठवड्याला टाकीतलं पाव भाग पाणी बदला, सगळं कधीच नाही. नवं पाणी हाताला टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार लागलं पाहिजे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळा. त्यावरचे जिवाणूही जीवच आहेत, आणि मासे त्यांच्याच भरवशावर जगतात.

शिरोळकडे, सांगलीकडे ज्यांच्याकडे बोअरचं पाणी फार खारं आहे, त्या म्हणतील आम्ही काय करावं. बोअरचं पाणी आणि आरओचं पाणी बादलीत मिसळा, टीडीएस मीटरनं बघा, आणि टाकीत बदल अगदी सावकाश करा. वाफ होऊन टाकीची पातळी खाली गेली असेल, तर तेवढीच भर आरओच्या पाण्यानं घालणं योग्यच आहे, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टाकीतच राहतात. म्हणजे आरओच्या पाण्याशी माझं वैर नाही. एक-दोन तांबे पाणी हातानं घाला. नळीचं काय काम?

नळीचं दुखणं वेगळंच आहे. भिंतीवरचं मशीन आपली साठवण टाकी भरली की थांबतं. त्याच्या आधीच फाटा काढून पाणी माशांकडे वळवलं आणि तिथला कॉक नीट बसला नाही, की मशीन चालूच राहतं. रात्रभरात टाकी वाहून जमीन ओली होते, आणि टाकीतलं पाणी एका रात्रीत बदलल्यानं माशांना झटका बसतो तो वेगळा. दुसरं म्हणजे नळीचं तोंड माशांच्या पाण्यात बुडलेलं असेल आणि पलीकडचा दाब उतरला, तर ते पाणी उलट नळीत ओढलं जाऊ शकतं. उलटं पाणी रोखणारी झडप बसवलीय का, हे किती जणींनी विचारलं? दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी तोंडाला न लावणारे आपण, गाळल्यावर 48 मिनिटं मोजणारे आपण, आणि पिण्याच्या पाण्याची वाट माशांच्या विष्ठेच्या पाण्याला नेऊन जोडतो!

नासाडीचाही हिशेब करा. घरगुती मशीन एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर सोडून देतं. साठ लिटरच्या टाकीचं पाव भाग पाणी म्हणजे पंधरा लिटर. त्यासाठी दर आठवड्याला पंचेचाळीस लिटर मोरीत, तेही माशांना नको असलेल्या पाण्यापायी. ज्या पाण्याचा टीडीएस 500 च्या आत आहे तिथे आरओ वापरूच नये, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये सांगितलं होतं, ते तर माणसांच्या पिण्याच्या पाण्याबद्दल.

आपल्या आज्या-पणज्या शास्त्र वाचलेल्या नव्हत्या, पण जिवाणी कुठे सोडायची हे त्यांना पक्कं माहीत होतं. विहिरीचं पाणी गाळलं की फडकं गाळलेल्या पाण्यानं खळबळून ते पाणी त्याच विहिरीत, भांडं अलगद खाली सोडून. नदीचं असेल तर नदीतच. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात गेले तर मरतात, म्हणून एवढी खटपट. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवालाही त्याचंच पाणी मिळावं ही काळजी त्यांनी केली. बोटभर लांब, डोळ्यांसमोर फिरणाऱ्या माशाला मात्र आपण आपलं पाणी देतो आणि त्याला दया म्हणतो.

आता काही जणी म्हणतील, एवढं आहे तर टाकीच नको. मी तर म्हणते नवे मासे आणूच नका. टाकी ठेवल्यानं घरावरचं संकट मासा आपल्यावर घेतो, या समजुतीला तर आपल्या धर्मात जागाच नाही. आणि त्यांच्या खाद्याच्या डबीवरची बारीक अक्षरं एकदा चष्मा लावून वाचा, बहुतेक डब्यांत वाळवलेल्या माशांचीच भुकटी असते.

पण जे घरात आहेत त्यांना अभयदान म्हणून पंचगंगेत किंवा मंदिरामागच्या तळ्यात सोडायला निघू नका. ते पाणी त्यांचं नाही, आणि तिथल्या माशांचा घास ते हिसकावतात. टाक्यांत पाळला जाणारा सकर मासा असाच आपल्या देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलाय. आहेत ते मासे त्यांच्या आयुष्यभर नीट सांभाळा. बादली गच्चीवर ठेवत असाल तर वर जाळी बांधा, पाण्यात किडे पडतात.